रस्त्याकडची खोली

हसला तो सगळ्यांच्या नंतर, पण हसला सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आपलं हसू गाडीच्या बंद काचांवर आपटून परत आपल्याच कानात आलेलं त्याला ऐकू आलं, आणि ते कुणा दुसऱ्याचं असावं असं वाटलं. गाडी मघापासून एकाच जागी उभी होती. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला सिमेंट कालवणारं अजस्र धूड, आणि या सगळ्याच्या डाव्या अंगाला कापलेल्या घरांची रांग. रस्ता रुंद करायचा म्हणून दर्शनी बाजूनं सरळ रेषेत कापत नेलेली घरं. पुढच्या सीटवर मोठे साहेब, मागे त्याच्या शेजारी पाहणीसाठी आलेल्या सल्लागार बाई. काम कुठवर आलंय ते बघायला सगळे निघाले होते, आणि ज्या गर्दीसाठी काम काढलं त्याच गर्दीत अडकून बसले होते. बाईंनीच आधी बोट दाखवलं. “ते बघा, बाहुलीचं घर असतं ना मुलींचं, समोरून उघडं, तसं झालंय.” साहेब वळून म्हणाले, “आणि रंग बघा भिंतीचा. हिरवा आहे की शेवाळ चढलंय?” बाई हसल्या, ड्रायव्हरही हसला. आणि मग तो म्हणाला, “दवाखान्यातलं उरलेलं डबडं असेल साहेब. फुकटात मिळालं की लोक घर पण रंगवतात आणि पोरांची खेळणी पण.” हा विनोद सगळ्यांत उजवा ठरला. साहेबांनी गुडघ्यावर थाप मारली.

रंग दवाखान्याचाच होता. हे त्याला माहीत होतं, कारण ते डबडं त्यानंच सायकलच्या मागे बांधून आणलं होतं. ताईचे यजमान दवाखान्यातले पंखे दुरुस्त करायला जात. तिथं रंगकाम झाल्यावर उरलेला रंग कुणीतरी त्यांना दिला. मग एका सुटीच्या दिवशी मेहुणे आणि तो, दोघांनी अंगात जुने शर्ट घालून ती वरची, रस्त्याकडची खोली रंगवली होती. ती खोली त्याची होती. म्हणजे घर ताईचं, पण इंजिनिअरिंगची सगळी वर्षं तो तिथंच राहिला, तिथंच शिकला, तिथंच झोपला. ट्रक गेले की टेबलावरची पट्टी हळूहळू सरकत कडेला यायची. ताई खालून ओरडायची, “चिमण, खिडकी लावून घे, धूळ येतेय.” खिडकी आता नव्हती. खिडकीची भिंतच नव्हती. कापलेल्या लाद्यांच्या काठावर एक दोरी ताणलेली होती आणि मागे ती हिरवी भिंत, त्याच्या टेबलाच्या जागी मेहुण्यांचं दुरुस्तीचं टेबल, वर उघडे पडलेले पंखे, आणि दोरीवर कपडे वाळत घालणारी ताई.

तिनं वळून पाहिलं. अडकलेल्या गाड्यांकडे ती रोज पाहत असणार, तशीच सहज तिची नजर फिरली आणि या गाडीवर येऊन थांबली. हातातला ओला टॉवेल तिनं खांद्यावर टाकला आणि हात वर केला. मोठा, पूर्ण, लांबच्या माणसाला दिसावा असा. तिचं तोंड हललं. काचेमुळे ऐकू आलं नाही, पण काय म्हणाली ते त्याला ओठांवरूनच कळलं. त्या नावानं त्याला त्या घराबाहेर कुणीच हाक मारत नसे. “तुमच्या ओळखीच्या आहेत का?” सल्लागार बाईंनी विचारलं. त्या उगाच विचारणाऱ्या नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. “छे,” तो म्हणाला, “इथले लोक करतात हात. सवयच असते त्यांना.” आणि त्यानं मांडीवरचा नकाशा उघडला, जणू त्यात काहीतरी तातडीनं सापडायला हवं होतं. गाडी हलली तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही. तिनं हात कधी खाली घेतला, तेही त्याला कळलं नाही.

नंतरची पाहणी झाली, जेवण झालं, दुपारी ऑफिसात बैठक झाली. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या बाजूच्या गटारांचं काम त्याच्याकडे होतं. रस्ता कुठून न्यायचा हे ठरलं तेव्हा तो या खात्यात नव्हताही, ती रेघ त्यानं मारली नव्हती, ती हलवणं त्याच्या हातात कधीच नव्हतं. हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याला कुणी विचारलेलंच नाही. ताईनंही नाही. घर कापायची नोटीस आली तेव्हा तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, “तुला त्रास नको हं यात. तू तुझं काम कर.” त्याला तेव्हा किती हायसं वाटलं होतं. त्यानंतर तो गेलाच नव्हता तिकडे. आज कामं आहेत, उद्या मुलांची परीक्षा आहे. बायकोनं एकदोनदा टोकलं, “अहो, जाऊन तरी या,” तर म्हणाला, सगळं पाडापाडीचं चाललंय, बसायला जागा नसेल, उगाच त्यांना अडचण. स्लाइड दाखवताना त्याची जीभ अडखळली. गटाराच्या उताराबद्दल बोलता बोलता तो ‘हिरव्या बाजूला’ म्हणाला. “डाव्या म्हणायचंय का?” साहेबांनी विचारलं. “हो, डाव्या.”

एक गोष्ट त्याला सारखी टोचत होती आणि ती ओळखीला ‘नाही’ म्हणण्याची नव्हती. ‘नाही’ हे तर माणसाच्या तोंडून भीतीनं जातं. पण तो विनोद? तो कुणी मागितला नव्हता. लोक हसत होते, हसून गप्प झाले असते. आपण होऊन त्यानं घरातली गोष्ट उचलली आणि त्यांच्यापुढे टाकली. ताईचं घर रस्त्यानं कापलं ते कापलं, पण चव्हाट्यावर मांडलं ते त्यानं. शिवाय ‘फुकटात’ हा शब्द. मेहुणे त्या दिवशी दवाखान्यातून आले तेव्हा केवढे खूश होते. “चिमण, तुझ्या डोळ्यांना बरा, हिरवा रंग. अभ्यास करणाऱ्याला हिरवाच चांगला,” म्हणाले होते. त्यांनी खरं तर स्वयंपाकघर रंगवायचं ठरवलं होतं. रंग दोन्हीला पुरला नसता.

संध्याकाळी बैठक लांबली नाही, तरी तो खुर्चीत बसून राहिला. मग उठला आणि घराकडे जाणारी बस सोडून उलट्या दिशेची बस पकडली. बस गर्दीत शिरली आणि रखडत चालू लागली. खिडकीशी बसलेल्या दोन बायका कापलेली घरं बघत होत्या. “अगं, संडास बघ, तस्साच राहिलाय, दार पण नाही,” एक म्हणाली, आणि दुसरी तोंडावर हात ठेवून हसली. त्याला त्यांचा राग यायला हवा होता. पण राग येण्यासाठी माणसाला उभं राहायला स्वतःची वीतभर जागा लागते, आणि सकाळपासून त्याला ती सापडत नव्हती. लहानपणी, ताईचं लग्न व्हायच्या आधी, तो बराच मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. सगळे उठायच्या आत ताई ती चादर काढायची, धुवायची, मागच्या अंगणात, रस्त्यावरून दिसणार नाही अशी वाळत घालायची. वडिलांनी विचारलं तर म्हणायची, “माझ्या हातून तांब्या सांडला.” वडील करवादायचे, “रोज कसा सांडतो? हाताला भोकं पडलीत का तुझ्या?” ती मान खाली घालून उभी राहायची आणि तो दाराआड उभा राहून ऐकायचा. तेव्हाही तो बाहेर आला नव्हता. लहान होता, असं म्हणता येतं. ती तरी कितीशी मोठी होती?

जिना पूर्वी घराच्या पोटात होता, आता तो उघड्यावर आला होता. पायऱ्यांवर विटांचे तुकडे, वाकलेल्या सळ्या, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या फुटक्या फरश्या. ढिगाऱ्यातून वाट काढत, भिंत धरायची सवय असलेला हात हवेत चाचपत तो वर गेला. ताई ताडपत्रीच्या एका टोकाला दोरी ओवत होती. तिनं मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर काय येतंय हे बघायची त्याला इतकी भीती वाटली की त्यानं वाकून बूट काढायला घेतले. “राहू दे बूट,” ती म्हणाली, “खडे टोचतील. ये, आतल्या बाजूला बस. कडेला नको.” बस्स, एवढंच. आवाज नेहमीचा. तिनं माठातलं पाणी दिलं. तो बसला तो नेमका रस्त्याकडे तोंड करून. खाली गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीतून एखादा तरी चेहरा वर पाहत होता. त्यानं पाणी प्यायचं थांबवलं. घोट घेताना आपला गळा हलतो तोही हे लोक बघतायत असं त्याला वाटलं. ताईला सवय झाली असावी. की सवय होत नसते आणि माणूस नुसता हालचाली कमी करतो? ती पूर्वी काम करताना गुणगुणायची. आता गुणगुणत नव्हती.

“ताई, मघाशी... सकाळी...” तो म्हणाला.

“अंघोळीचीच पंचाईत झालीय बघ,” ती त्याच वेळी म्हणाली. “पहाटे उठून उरकते. हे चादर धरून उभे राहतात. म्हणून म्हटलं, ताडपत्री तरी बांधून घेऊ. पत्रे लावून देतो म्हणाला होता मुकादम, रोज उद्या म्हणतो. जिन्यावरचा ढीगही उचलत नाही. हे परवा पडता पडता वाचले.”

तेवढ्यात मेहुणेच आले, हातात कुणाचा तरी मिक्सर. खालचं दुकान रस्त्यात गेलं होतं. आता गिऱ्हाईक खालून हाक मारी आणि ते उतरून वस्तू घेऊन येत. मिक्सर टेबलावर ठेवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “या, इंजिनिअरसाहेब. वाट चुकलात काय?” ते हसले, पण हसण्यात एक खडा होता. “नाही, आम्हाला वाटलं, घर अर्धं झालं तसं नातंही अर्धं झालं की काय. बोला, मोकळेपणानं बोला. भिंतीला कान असतात म्हणतात, आमची तर भिंतच गेली.”

“वाट कशाला चुकतोय,” ताई दोरी ओढत म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “सकाळीच दिसला की मला. खाली गाड्या तुंबल्या होत्या ना, तेव्हा. साहेबाच्या गाडीत होता, बरोबर कोणी मोठ्या बाई होत्या. तरी काच खाली करून हात केला यानं. मीच म्हटलं, अरे असू दे, लोक बघतायत.”

“खरंच?” मेहुणे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की त्याला तो बघवेना. “साहेबासमोर? बघ, मी तुला काय म्हणत होतो? पोरगा तसा नाही. उगाच तू रडत होतीस दुपारी.” मग त्याच्याकडे वळून, जरा शरमून, “काय आहे, माणूस येत नाही म्हटलं की मनात येतं काहीबाही. बरं केलंस हात केलास ते.”

ताईचा दोरी ओवणारा हात क्षणभर थांबला. दुपारचं रडणं मेहुण्यांनी बोलून टाकलं होतं आणि ते नेमकं कशाचं होतं हे या खोलीत दोघांनाच माहीत होतं. आता बोलायला हवं होतं. मेहुण्यांसमोर सांगायला हवं होतं की नाही, मी हात केला नाही, मी नाही म्हणालो, आणि तुम्ही आणलेल्या रंगावर सगळ्यांना हसवलं. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते बोललं तर ताई खोटी पडणार होती, आणि मेहुण्यांचा उजळलेला चेहरा पुन्हा त्याच्यासमोर विझणार होता. की हा नुसता बहाणा? आपल्याला वाचायचंच असतं, आणि वाचण्याला आपण दुसऱ्याच्या सुखाचं नाव देतो? त्याला ठरवता आलं नाही. “हो,” तो म्हणाला. “केला हात.” मेहुणे चहा सांगायला म्हणून खाली गेले, जिन्यावरचे खडे त्यांच्या पायाखाली घरंगळत गेलेले ऐकू आले.

“ताई, तू कशाला...”

“धर हे टोक,” ती म्हणाली. “तुझा हात पुरेल वर. ऊन उतरतंय तोवर बांधून टाकू.”

तो स्टुलावर चढला. खोलीच्या डाव्या बाजूला खांब होता, तिथं त्यानं दोरी आवळली. उजव्या बाजूला बांधायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून ताईनं शेजारणीला हाक मारली. शेजारचं घरही तसंच कापलेलं, दोन उघड्या खोल्यांच्या मध्ये हातभर फट. शेजारीण लगेच आली. तो इथून गेल्यावर ती राहायला आली होती, दोघांची कधी भेट झाली नव्हती. तिनं फटीतून दोरीचं टोक घेतलं आणि आपल्या गजाला एक वेढा देऊन ताणून धरलं. “गाठ तुम्ही सांगाल तेव्हा मारते,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून हसली. “कोण, पाहुणे वाटतं? बरं झालं आलात. आमच्या या बाईला कुणी नाहीच की काय असं वाटत होतं. माझं पण बांधून द्याल का हो नंतर?” तो हो म्हणाला. ताई खाली बघत होती. तिनं शेजाऱ्यांना काही सांगितलेलं नाही हे त्याला कळलं. इतकी वर्षं शेजारी राहूनही, एका नोटिशीनं दोघींची घरं कापली गेली तरी, हा भाऊ त्याच खात्यात आहे हे तिनं सांगितलेलं नव्हतं. का, तेही कळलं. ही फट हातभरच राहिली होती म्हणून त्यातून चहाचे कप आणि दोरीची टोकं जात होती.

“ए! कोण चढलंय रे वर?” खालून आवाज आला. मुकादम होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात काठी. “खांबाला काही बांधायचं नाही म्हणून सांगितलंय ना? उतर खाली.” तो स्टुलावरच राहिला. मुकादम बडबडत जिना चढून आला. “ऐकू येत नाही का? कोण तू? या घरातला नाहीस ना? मग कुणाला विचारून दोऱ्या बांधतोस?” त्याच्या खिशात ओळखपत्र होतं. ते नुसतं काढलं असतं तरी पुरलं असतं. पण शेजारीण दोरी धरून उभी होती, आत्ताच तिनं त्याला बरं झालं आलात म्हटलं होतं. त्याला तिच्यासमोर नको होतं, मुकादमासमोर नको होतं, कुणासमोरच आपण कोण ते उघड व्हायला नको होतं. “मी... असाच आलोय,” तो म्हणाला. मुकादमानं काठीनं स्टुलाचा पाय ठोकला. “असाच आलास तसाच जा. चल, उतर.”

“काठी खाली घ्या,” ताई म्हणाली. ती कधी मोठ्यानं बोलत नसे, आताही नाही बोलली. “नीट बोला त्याच्याशी. माझा भाऊ आहे तो. सख्खा भाऊ. तुमच्याच रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे.”

मुकादमानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या माणसाच्या बुटांकडे, शर्टाकडे, चेहऱ्याकडे. त्याला ओळख पटत गेली. “साहेब,” तो म्हणाला. “अहो साहेब, बोलायचं ना. आणि बाई, तुम्ही पण... इतके दिवस मी येतोय जातोय, एका शब्दानं बोलला नाहीत.” तो कडेला जाऊन खाली ओरडला, “ए, दोघं जण इकडे या. हा जिना साफ करा आधी. आत्ताच्या आत्ता. आणि पत्रे कुठंयत?” खाली धावपळ उडाली. घमेली आली. विटांचे तुकडे उचलल्याचा आवाज येऊ लागला.

ताडपत्री उजव्या बाजूनं सैल पडली आणि तिचं टोक खाली फडफडत गेलं. शेजारणीनं दोरी सोडली होती. फेकली नाही, नुसती सोडली. ती ताईकडे बघत होती, रागानं असंही नाही. एखादी गोष्ट आपल्या घरात इतके दिवस होती आणि आत्ता दिसली, तसं. ताई फटीपाशी गेली. “अहो, ऐका ना,” ती म्हणाली. शेजारीण आत गेली. आत जायला तिलाही भिंत नव्हती, ती दिसतच राहिली. आतल्या कोपऱ्यात, पाठ करून. ताई वळून खाली माणसांना म्हणाली, “आधी त्यांच्या जिन्यावरचं उचला. आमचं नंतर.” माणसांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं मान हलवली. बऱ्याच वेळानं, पण हलवली. आणि माणसं घमेली घेऊन पलीकडे गेली. शेजारणीनं वळून पाहिलं नाही.

तो स्टुलावरून उतरला. खाली गाड्यांची रांग सुटली होती आणि सगळ्या एकदम पळत होत्या. आता कुणीच वर बघत नव्हतं. ताई पडलेलं टोक गोळा करत होती. मग ती ताडपत्रीची उगाच घडी घालू लागली, बांधायची असलेल्या ताडपत्रीची.

“कशाला सांगितलंस?” त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्याला चिडका वाटला. “तुला त्यांच्या शेजारी राहायचंय. मी गेलो असतो निघून.”

ताईनं घडी थांबवली. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या नजरेत टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला तो अंगावर घेता आला असता. पण तिच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, खरोखरीचा, उत्तराची वाट बघणारा.

“मग कोण म्हणून सांगायला हवं होतं रे?” ती म्हणाली.